बावटा उतरेपर्यंत

दिवाळीपूर्वीं दोन दिवस आजोळीं राहून कोल्हापुरास परतावें, अशा बेतानें २०१९ च्या ऑक्टोबरांत आम्ही आंबा घाट उतरून रत्नागिरीस गेलों, आणि 'क्यार' चक्रीवादळामुळें तेथेंच अडकून पडलों. नांव ब्रह्मदेशानें सुचविलेलें, अर्थ वाघ! २५ तारखेस हा वाघ किनाऱ्यापासून सुमारें दोनशें किलोमीटरांवर समुद्रांत दबा धरून बसला होता. बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता. मिरकरवाड्यास होड्या एकमेकींस बिलगून उभ्या होत्या. मामा तासातासाला बातम्या लावीत आणि वादळाचें अंतर वहींत टिपून ठेवीत.

कोल्हापुराहून आईचा फोन येई, "आतां किती दूर आहे?" मला ऑगस्ट आठवला. पंचगंगेचें पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांपुढें गेलें, तेव्हां हीच मामी रोज आम्हांस विचारी, "आज किती फूट?"

आतां मात्र तिचें लक्ष वहीकडे नव्हतें. कापलेलें भात शेतांत आडवें होतें आणि पाऊस खळत नव्हता.

२७ तारखेस, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं, ओमानच्या दिशेनें सरकत वादळ 'महाचक्रीवादळ' झालें; अरबी समुद्रांत २००७ च्या 'गोनू'नंतरचें पहिलेंच. "सुटलों एकदांचे!" म्हणून मामांनीं वही मिटली. मामीनें मूठभर भात त्यांच्यापुढें धरलें. दाण्यांस कोंब फुटले होते.

"वादळ गेलें म्हणतां, मग हें कोणी केलें?"

पाडव्यास आम्ही निघालों. दरवर्षींची नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी यंदा नव्हती. मामी दाराशीं आली. त्याविषयीं कांहींच बोलली नाहीं.