पनवेलचे सात गडी

पनवेल हे जायचे गाव नव्हे, वाटेत लागायचे गाव, अशी मुंबईकरांची पक्की समजूत आहे. एस.टी. थांबते, चहा होतो, मुलाला पाणी पाजले जाते आणि गाडी घाटाला किंवा कोकणाला लागते. या गावात वीस वर्षे मराठी शिकवीत असल्यामुळे मला ही समजूत सोसत नाही. पाहुणा सापडला की मी त्याला जुने बंदर, तळी आणि धूतपापेश्वरचा १८७२ चा आयुर्वेदिक कारखाना दाखवतो. बैलगाडीच्या चाकांसाठी हे गाव एके काळी नावाजलेले होते, हेही सांगतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण जवळच आहे. पाहुणा सारे मुकाट्याने ऐकतो आणि विचारतो, "विमानतळ कुठेशी आला?"

तो आला उलवे, तरघर, कोंबडभुजे अशा गावांच्या जागी. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, नदीचे पात्र वळवले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले. गावकऱ्यांना नव्या वसाहतींत भूखंड मिळाले. ही आगरी-कोळी माणसे जमिनीसाठी भांडायला नवखी नव्हेत. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले होते. पण भूखंडाला सातबारा असतो, गावपण नसते.

हे मला कळले ते आमच्या कबड्डीच्या संघामुळे. आमचे महाविद्यालय लहान. मैदान म्हणजे सायकली ठेवण्याच्या छपरामागची लाल माती. बाकीचे संघ मॅटवर बूट घालून सराव करतात, आमचे गडी अनवाणी. संघाबरोबर जायला प्राध्यापक हवा म्हणून मला धाडले. कबड्डीतले माझे ज्ञान पुस्तकी. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला आणि १९९० पासून तो आशियाई खेळांत आला, इतके मी व्याख्यानात सांगू शकतो. पोरांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, तुमी बाटल्या सांभाला."

नावनोंदणीच्या अर्जावर आमच्या मुख्य चढाईपटूने गाव लिहिले, 'कोंबडभुजे'. कारकुनाने खोडून वसाहतीचे नाव व सेक्टरचा आकडा घातला. पोराने नवा अर्ज मागून पुन्हा कोंबडभुजेच लिहिले. असे तीन अर्ज झाले. शेवटी कारकूनच थकला. (या नावाच्या व्युत्पत्तीपायी मी एक उन्हाळी सुट्टी घालवली आहे. सौभाग्यवतीपुढे तो विषय काढायचा नसतो.)

साखळी सामने पार पडले. अंतिम सामन्याला मात्र मध्यंतरापर्यंत आमच्यावर एक लोण चढला होता आणि आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. समोरचा संघ शहरातला. बूट नवे, प्रशिक्षक दोन. उत्तरार्धात आमच्या पोरांनी एकेक गुण वेचून आणला. दीड मिनिट उरले तेव्हा एकाच गुणाची पिछाडी होती, पण मैदानात आमचे तिघेच. त्यांचा सर्वांत भारी गडी चढाईला आला. कोपऱ्यातल्या आमच्या बारक्याने त्याचा घोटा धरला आणि उरलेले दोघे अंगावर कोसळले. तिघांनी पकड केली की एक गुण जादा मिळतो. म्हणजे आम्ही एकाने पुढे! पुढच्या चढाईत आमच्या कोंबडभुजेकराने रेषा ओलांडून तीस सेकंद नुसता दम घोटवला आणि परतला. त्यांची शेवटची चढाई रिकामी गेली.

गॅलरीत म्हाताऱ्या बायकासुद्धा उभ्या राहिल्या होत्या. महाविद्यालयाचे नाव कोणाच्याही तोंडी नव्हते. "कोंबडभुजे! कोंबडभुजे!" असा एकच गजर चालला होता. पंचांनी माझ्याकडे वळून विचारले, "हे गाव कुठेशी आले हो?" मी हाताने आकाशाकडे दाखवले. तेवढ्यात खरोखरच एक विमान उतरायला लागले होते.

चषक प्राचार्यांच्या कपाटात आहे. चढाईपटू आता विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला आहे. पाळी रात्रीची असते, त्यामुळे सकाळी सहाला तो सरावाला हजर असतो. धावपट्टीच्या कोणत्या टोकाशी त्यांची विहीर होती, ते तो नव्या पोरांना मातीवर काठीने रेघा ओढून दाखवतो, आणि मग त्याच रेघांवर मैदान आखतो.