ओल्या मुलखातला सरडा

दक्षिण गुजरातेतल्या आमच्या बारडोलीत चकवाला पाळता येईल का, असं नवे हौशी लोक मला विचारतात. मी नको म्हणतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि मेक्सिकोच्या वाळवंटातला हा शाकाहारी सरडा संकट आलं की खडकाच्या फटीत शिरतो आणि फुप्फुसांत हवा भरून असा फुगतो की ओढूनही निघत नाही. अंग ३८ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय त्याला खाल्लेलं नीट पचत नाही. पाणी वाचवण्यासाठी जादा मीठ तो नाकावाटे टाकतो. त्याच्या मुलखातल्या टक्सनला वर्षभरात साधारण ३०० मिलिमीटर पाऊस होतो. दिवा लावून ऊब देता येईल, पण श्रावणात भिंती घामेजलेल्या असताना कोरडी हवा कुठून आणायची? विणीआधी त्याला गारव्यात काही आठवडे सुस्त पडून राहावं लागतं. आमची थंडी तेवढी टिकत नाही.

आपल्या कच्छमध्ये त्याच्यासारखाच पाला खाणारा, बिळात राहणारा सांडा आहे. तेलासाठी त्याला मारतात, याची मला फार चीड येते. सांडा आणि घोरपड दोघंही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते रानातच राहावेत.

मी पाळतो ते हिरवे इग्वाना. चकवालाच्याच कुळातले, पण दमट जंगलातले. त्यांना गच्चीवर जाळीचा पिंजरा आणि सकाळचं ऊन हवं. ऊन थेट हवं; काच अतिनील किरण अडवते, ते किरण नसले की ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि जबडा मऊ पडतो. खायला शेवग्याचा पाला, लसूणघास, जास्वंदीची फुलं. पालक मी जवळपास देतच नाही. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

अंड्यांवर आलेली मादी खाणं सोडते आणि कोपरे उकरू लागते. तेव्हा ओलसर वाळूची खोल पेटी तयार हवी, नाहीतर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते. एका वेळी २० ते ७० अंडी. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला मी पेन्सिलीनं खूण करतो आणि ती बाजू वरच ठेवतो. कोंबडीच्या अंड्यासारखं ते फिरवायचं नसतं, आतला जीव मरतो. ३० अंशांच्या उबेत ती पाणी शोषून फुगत जातात आणि दोन-तीन महिन्यांत फुटतात.

पण इग्वानाला बारडोली मानवते, हीच माझी खरी काळजी आहे. सुटलेला चकवाला पहिला पावसाळाही काढणार नाही. इग्वाना मात्र उकाई-काकरापारच्या कालव्यांकाठी, उसात सुखानं जगेल. फ्लोरिडात सुटलेल्या इग्वानांनी कालव्यांचे काठ पोखरून ठेवले आहेत. म्हणून जेवढ्या पिल्लांना घर ठरलेलं असतं तेवढीच अंडी मी उबवायला ठेवतो. बाकीची घातल्या दिवशीच गोठवतो. काहींना हे निर्दय वाटतं. माझ्या मते पाळणाऱ्याचं हे पहिलं काम आहे.

वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. सरकारच्या परिवेश पोर्टलवर पिल्लांचीही नोंद करावी लागते. कागद झाले तरी मी आधी घेणाऱ्याची गच्ची बघायला जातो. तळहातावर मावणारं पिल्लू पुढे शेपटीसकट दीड मीटर होतं आणि १५ वर्षंही जगतं. पिंजरा त्या मापाचा नसेल, तर पिल्लू माझ्याकडेच राहतं.