देखणी कुस्ती

कुस्ती लढणारे दोन आणि पाहणारे दोन हजार, हे प्रमाण आमच्याकडच्या कोणत्याही जत्रेत ठरलेले असते. लढणारे दोघे पंधरा-वीस मिनिटांत मोकळे होतात, अंगावरची माती झटकतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. पाहणाऱ्यांचे तसे नसते. त्यांची कुस्ती खरी त्यानंतर सुरू होते आणि ती काही केल्या निकाली निघत नाही.

आमचे गाव हिमायतनगर. जुनी माणसे अजूनही वाढोणाच म्हणतात. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण. एका अंगाला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो आणि दुसऱ्या अंगाला तेलंगण फार दूर नाही. त्यामुळे गावात वाद झाला तर तो तीन मुलखांच्या बोलींत होतो. श्रीपरमेश्वर हे आमचे दैवत. महाशिवरात्रीला त्याची यात्रा भरते आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. परंतु आमच्या भागातल्या पैलवानांचा हंगाम त्याआधीच, मार्गशीर्षात, लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेत सुरू होतो. माळेगावला कोण कसा खेळला, यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांची भाकिते होतात. ही भाकिते वर्तविणारे पंडित आमच्या स्टेशनकडच्या रस्त्यावर एका चहाच्या हॉटेलात बसतात. मी बी. ए. च्या वर्गात जे शिकलो ते परीक्षेपुरते. वाद कसा घालावा हे मात्र मी तिथल्या बाकड्यावर शिकलो.

या बाकड्यावर दोन पक्ष आहेत. एक निकालवाल्यांचा, दुसरा डौलवाल्यांचा. निकालवाल्यांचे म्हणणे सरळ आहे.

"आरं, समोरच्याची पाठ लागली का नाय? मग झालं तर! पाणी तांब्यानं प्यावं का वंजळीनं प्यावं, तहान भागली म्हंजे झालं."

यावर डौलवाल्यांपैकी कोणीतरी शांतपणे चहाची बशी खाली ठेवतो आणि म्हणतो, "मग कुस्ती पहायला कामून जातूस? निकाल तर मोबाईलवर बी येतो."

डौलवाल्यांना पैलवानाची सलामी पाहायची असते. शड्डूचा आवाज मांडीतून येतो की नुसत्या तळहातातून, हे त्यांना ऐकायचे असते. पट काढताना गडी वाघासारखा झेपावला की मांजरासारखा सरपटला, ढाक मारताना कमर वेळेवर फिरली की नुसतीच ओढाताण झाली, याची ते नोंद ठेवतात. ज्यांनी कुस्ती पाहिली नाही अशा वाचकांसाठी सांगतो : ढाक म्हणजे समोरच्याचा हात आणि मान कवेत घेऊन कमरेच्या एका हिसक्यात त्याला आपल्यावरून पलीकडे टाकणे. जमली तर डोळ्यांचे पारणे फिटते. फसली तर टाकणाराच खाली सापडतो. उलट घिस्सा हा कष्टाचा डाव. गड्याला खाली घ्यायचे, मागून लांगेला धरायचे आणि जोर लावलावून उलटवायचे. घिश्श्याने कुस्त्या पुष्कळ जिंकल्या जातात, पण बाकड्यावर घिश्श्याची आठवण कोणी काढत नाही.

या वादाला आमच्या मुलखात मोठी परंपरा आहे. लातूर जिल्ह्यातल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1969 साली महाराष्ट्र केसरी किताब मिळवला आणि 1970 साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणले. बिराजदार मामा 2011 साली गेले. त्यांची कुस्ती पाहिलेली माणसे आता थोडी राहिली. पण त्या थोड्यांपैकी एक जण जरी बाकड्यावर आला, तरी दोन्ही पक्ष गप्प बसतात. बीडच्या पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले, तेव्हा तर मराठवाड्याची माती अशी की तशी, यावर आठवडाभर खल चालला होता.

जत्रेच्या फडात गुण नसतात. पाठ मातीला लागली की संपले. नाही लागली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. स्पर्धेतली गोष्ट वेगळी. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला तर 2 गुण, बाहेर ढकलले तर 1, पाठ धोक्यात जाईल असे फेकले तर 4, आणि उंच उचलून भव्य फेक केली तर 5. म्हणजे डौलाची थोडीफार किंमत नियम करणाऱ्यांनाही करावी लागली. पण वाद काही मिटला नाही. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली आणि पंचांनी 4 गुण दिले. सिकंदरची पाठ खरोखर धोक्यात गेली होती की नाही, यावर सारा महाराष्ट्र मोबाईलवर तो क्षण पुढे-मागे करून पाहत बसला. आमच्या बाकड्यावर तर दोन माणसे महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती. दोघांनीही सिकंदरला किंवा महेंद्रला प्रत्यक्षात कधी पाहिलेले नव्हते.

हा रोग आपलाच आहे असे मला वाटत असे. पुढे कळले की बर्फावर स्केटिंग करीत उड्या आणि गिरक्या घेण्याचा जो खेळ थंड देशांत आहे, त्याचे रसिक आमच्या बाकड्यावरच्या मंडळींचे सख्खे भाऊ शोभतील. तिथेही हंगामाच्या पहिल्याच स्पर्धेवरून वर्षाचे भविष्य सांगतात, आणि अवघड उड्या मोठ्या की हातापायांची लय मोठी, यावर भांडतात. 2002 साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये परीक्षकांच्या निर्णयावरून एवढा गहजब झाला की शेवटी दोन जोड्यांना सुवर्णपदके द्यावी लागली. मग सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडून नवी आणली. तीत कसरतीचे गुण वेगळे आणि सादरीकरणाचे वेगळे. निकालवाले आणि डौलवाले यांना असे कागदावर शेजारी बसवूनही तिथली भांडणे थांबलेली नाहीत म्हणे. मला हे वाचून फार बरे वाटले.

इथपर्यंत मी पाहणाऱ्यांविषयी लिहिले. आता लढणाऱ्याविषयी लिहिले पाहिजे, कारण माझा थोरला भाऊ पैलवान आहे.

दादाची कुस्ती देखणी. हे मी भाऊ म्हणून म्हणत नाही, डौलवाले म्हणतात. त्याची ढाक पाहायला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे येत. एका पावसाळ्यात अतिवृष्टीने आमचे सोयाबीन गेले. शेंगा उभ्या झाडावरच मोड येऊन कुजल्या. पैलवानाचा खुराक मात्र पीकपाणी पाहून कमी होत नाही. दूध, तूप, थंडाईचे बदाम, सगळे रोज लागते. अप्पांनी दूधवाल्याची वही दादासमोर ठेवली. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "हा एक हंगाम बघू. नाय जमलं तर औताला लाग." माय चुलीपाशी पाठमोरी बसली होती, ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशीही तिने दादाच्या भाकरीवर तुपाची धार तेवढीच धरली.

त्या वर्षी माळेगावला दादाची जोड एका अंगाने भारी गड्याशी लागली. हलगी घुमू लागली. दहाव्या मिनिटाला दादाने ढाक घातली. समोरचा हवेत गेला, सगळा फड उभा राहिला, आणि तो गडी पडता पडता फडाबाहेरच्या माणसांत जाऊन पडला. कुस्ती पुन्हा मध्ये आणली. मग त्या गड्याने अंग चोरले, ते शेवटपर्यंत. पंचांनी बरोबरीत सोडवली. बरोबरीचे इनाम ते किती असणार? जाण्यायेण्याच्या खर्चात गेले.

बाकड्यावर त्या एका ढाकेवर पंधरा दिवस चर्चा चालली. डौलवाले म्हणाले, असा डाव दहा वर्षांत पाहिला नाही. निकालवाले म्हणाले, "डाव भारी, पण इनाम कुठंय? या वर्षी ह्याचा जोर कमी झालाय." हंगामाची पहिलीच कुस्ती, आणि तिच्यावरून माझ्या भावाचे वर्ष लिहून टाकले. मी तिथेच बसलो होतो. दूधवाल्याची वही मला दिसत होती. त्यांना दिसत नव्हती, आणि दिसावी असा त्यांचा काही गुन्हाही नव्हता. पण एक गोष्ट त्या वेळी ध्यानात आली. हे बोलणे नुसते बोलणे नसते. जत्रेतल्या जोडी लावणारी माणसे याच बाकड्यांवर बसतात. कोणाचा भाव चढला आणि कोणाचा उतरला, हे चहाबरोबर ठरते, आणि त्यावरून पुढच्या फडात कोणाला किती रुपयांची कुस्ती मिळायची तेही ठरते.

शिवरात्रीच्या सुमारास जवळच्याच एका गावच्या जत्रेत दादाला 11 हजारांची कुस्ती मिळाली. मी फडाच्या कडेला बसलो होतो. पाचव्या मिनिटाला समोरच्याचा हात दादाच्या बगलेत आला. ढाकेची वेळ हीच, हे फडातल्या पोरासोरांनाही कळले. माझ्या शेजारचे डौलवाले काका अर्धे उठून उभे राहिले. दादाने हात सोडून दिला. त्याने गड्याला पटात धरून खाली घेतले आणि त्याच्यावर बसला. पंधरा मिनिटे तो दाबत राहिला, घासत राहिला. लोक कंटाळले, कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी शेंगा फोडू लागले. विसाव्या मिनिटाला घिश्श्यावर त्या गड्याची पाठ लागली. टाळ्या पडल्या, पण त्या रीत म्हणून.

काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझ्या भावानं आज मजुरी केली."

त्यांचे खोटे नव्हते. ती मजुरीच होती, आणि तिचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याकडे गेले. अप्पांनी वही बंद केली. हंगाम वाचला.

रात्री मी दादाला विचारले, "ढाक कामून नाय मारली?" तो अंगाला तेल चोळीत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माळेगावात मारली ती माझ्यासाठी मारली. आज घरच्यांसाठी खेळलो. पण हात सोडताना लई जड गेलं रं."

तेव्हापासून दोन्ही पक्षांचे बोलणे मी वेगळ्या कानांनी ऐकतो. निकालवाले डौलाला चैन समजतात. पण खुराकाचे ओझे वाहत, पीक गेलेल्या वर्षीही माणूस पहाटे चारला उठून जोर मारतो, तो काही 11 हजारांसाठी नाही. त्या हिशेबाने मजुरी परवडते. एक डाव हातात नेमका उतरावा, यासाठीच तो उठतो. डौल नसता तर कुस्ती कधीच संपली असती. आणि डौलवाले निकालाला तुच्छ मानतात, पण देखण्या कुस्तीची किंमत कोणीतरी घरात चुकवीत असते. पाहणाऱ्याला ती फुकट मिळते, म्हणून ती फुकट असते असे नाही.

जानेवारी 2020 ची महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती पुष्कळांना आठवत असेल. हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला हरवले. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, रोज एकमेकांशी लढणारे. जिंकल्यावर सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. गुणांचा निकाल लोक विसरून जातील. ते उचलणे विसरणार नाहीत. पण तो खांदा देखणा ठरला, तो आधी तिथे चुरशीने कुस्ती झाली म्हणून. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, एवढेच मला यातून कळते.

दादा अजून लढतो. दिवसा औत हाकतो आणि संध्याकाळी तालमीत लहान पोरांना शिकवतो. पावसाळ्यात हौद्यातली माती खणून, तीत तेल, ताक, हळद घालून तो ती मऊ करतो आणि पोरांकडून आधी घिस्सा घोटून घेतो. अंधार पडायला आला, पोरे दमली, की मग हळूच ढाक दाखवतो. सावकाश, एकेक पाऊल मोजून. त्या वेळी तालमीच्या कट्ट्यावर ते काका येऊन बसलेले असतात. हल्ली त्यांच्याबरोबर निकालवाल्यांपैकीही दोघे-तिघे येतात. पोरगे ढाकेत फसून धपकन खाली पडले की कट्ट्यावर लगेच वाद सुरू होतो : कमर उशिरा फिरली, की हातच ढिला होता?

दादा मागे वळून पाहत नाही. तो पोराला उठवतो, त्याच्या पाठीवरची माती झटकतो आणि म्हणतो, "पुन्ना कर."