इच्चू चावलाय का?

वारणानगरच्या आसपासच्या तीन-चार रुग्णालयांत मी भूल द्यायला जाते. ऊसतोडीच्या हंगामात फोन बहुतेक रात्रीचेच. २०११ च्या हंगामातला असाच एक. बीडकडची तोडकरीण, दुसरं बाळंतपण, पोटात बाळाचे ठोके कमी व्हायला लागलेले. संध्याकाळी फडावरून येऊन ती भाकरी खाऊन बसली होती, त्यामुळे पूर्ण भूल टाळायची होती.

पाठीत सुई घातली. पाणी स्वच्छ आलं, दोन मिली हेवी बुपिवाकेन गेलं. पाच मिनिटांनी चिमटा घेतला तर ती कळवळली. दहा मिनिटांनीही पाय उचलत होती. त्याच खोक्यातल्या औषधावर दुपारी एक सिझेरियन निर्विघ्न झालं होतं. सर्जन म्हणाले, "घाबरलीय. वेळ नाही, सुरू करू." सिस्टर म्हणाली, "कोयत्यावरची माणसं, अंगानं राठच असतात." मी "करा" म्हणाले.

ती किंचाळली. सुरी तिथंच थांबली. मग स्कोलीन देऊन नळी घातली. भरल्या पोटी हे करताना अन्न फुप्फुसात गेलं असतं तर, हा विचार नंतर बाहेर हात धुताना आला. बाळ रडलं. मुलगी.

बाहेर सासू म्हणाली, "तिला भूल चढत न्हाई. इच्चू तीनदा चावलाय. दात काढतानाबी असंच झालतं." मी मान हलवली आणि विसरले.

२०१३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ अनॅस्थेशिया'त महाराष्ट्रातल्याच भूलतज्ज्ञांचा, पंडितराव आणि सहकाऱ्यांचा, नेमका यावरचा अभ्यास वाचला. पूर्वी विंचू चावलेल्यांवर पाठीतल्या बुपिवाकेनचा परिणाम कसा होतो, हाच विषय. मला ती सासू आठवली. लाल विंचवाचं विष चेतातंतूंवरच्या सोडियमच्या दारांवर काम करतं, आणि बुपिवाकेन त्याच दारांना कडी घालतं. डंखाची खूण इतकी वर्षं कशी राहते, याचा पक्का उलगडा झालेला नाही. पाठीतली भूल फसायला इतरही डझनभर कारणं असतात, हेही खरं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे विंचू म्हटला की आम्हाला हृदय आणि प्राझोसिन आठवतं. वाचलेला माणूस पुढं कधीतरी टेबलावर येईल, हे कुणी शिकवलं नव्हतं. आर्य वैश्य समाजातल्या काहींमध्ये एक एन्झाइम नसतं, म्हणून स्कोलीनचा काही मिनिटांचा असर तासन्‌तास टिकतो. ते मात्र परीक्षेपुरतं पाठ होतं. तेव्हा रक्ताचं, जातीचं आम्ही विचारत होतो. कुठल्या रानात झोपता, हे नाही.

आता दमा, साखर, रक्तदाब विचारून झालं की विंचवाचं विचारते. एकाहून जास्त डंख असतील तर पूर्ण भुलीची तयारी आधीच मांडून ठेवते, आणि चिमट्याला "दुखतंय" म्हटलं की सुरी लागू देत नाही. परवा कोडोलीकडच्या एका आजोबांना विचारलं. ते हसले.

"यंदाचं सांगू, का सगळं मिळून?"