पंचवीस जोड्या

सुटीत मी मामांबरोबर टेलिफोनच्या कामावर जातो, हे वर्गात फारसे कुणाला ठाऊक नाही. पाढ्यांना घाबरून कला शाखेकडे वळलेल्या मला मामांनी एका दुपारात पंचवीस जोड्या पाठ करायला लावल्या. पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा. आणि यांतल्या प्रत्येकाशी पाळीपाळीने निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पांढरा-निळा पहिली जोडी, जांभळा-राखाडी पंचविसावी. आमच्या मराठीच्या सरांना हे द्वंद्व समास नक्की आवडतील!

जोडीतल्या दोन तारांना पीळ असतो. ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पीळ सुटला, की शेजारच्या जोडीतले बोलणे आपल्या कानी येऊ लागते. म्हणून जोड देताना पीळ अगदी टोकापर्यंत राखायचा, मग जेल भरलेल्या इवल्याशा कनेक्टरमध्ये तारा न सोलताच सरकवून पकडीने दाबायच्या. बोटे दुखतात.

गेल्या मे महिन्यात एका कार्यालयात गेलो. उपकरणांच्या खोलीत तारांचे नुसते जंगल. साहेब म्हणाले, "कापून टाका सगळं. आता मोबाइल आहेत." तसे त्यांचे चूक नव्हते, टेबलांवरचे फोन केव्हाच गेले होते.

"साहेब, आधी ऐकून घेतो," मामा म्हणाले.

एकेका जोडीला टेस्ट फोन लावत गेलो. अकरा मुक्या निघाल्या. बारावीत डायल टोन! टोनर लावून माग काढला, तर तार थेट लिफ्टमध्ये निघाली. अडकलेल्या माणसाने मदत मागायचा फोन तो. साहेब काही बोलले नाहीत. मामांनी त्या जोडीला लाल चिकटपट्टी गुंडाळली, चिठ्ठी लावली आणि मगच माझ्याकडे कटर मागितला.