तसराचा पतंग आणि आमचें सोंवळें

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या आमच्या तळोद्यास मृगाचा पाऊस पडून गेला, कीं रात्रीं ओसरीवरील दिव्याभोंवतीं किड्यांची दाटी होते. त्यांतील बहुतेकांकडे कोणी लक्ष देत नाहीं. पण एखादे रात्रीं तळहाताहून मोठा, विटकरी रंगाचा पतंग भिंतीवर येऊन बसला, म्हणजे मात्र घरांत धांवपळ उडते. चार पंखांवर चार डोळे! कोणी त्यास विषारी म्हणतो, कोणी अपशकुनी. आणि केरसुणी बहुधा चर्चा संपण्याच्या आधींच उचलली जाते. वास्तविक या प्राण्यास नांगी नाहीं. इतकेंच नव्हे, तर खावयास धड तोंडहि नाहीं. ज्यांच्या देवघरांतील वळणीवर तसरी मुकटा वाळत असेल, त्यांनीं तरी याची ओळख करून घ्यावी. कारण तो मुकटा याच्याच कुळाची कमाई आहे.

शास्त्रज्ञ यास अँथेरिया मायलिटा म्हणतात. तसर हा शब्द संस्कृत 'त्रसर' म्हणजे विणकराचा धोटा, यावरून आला. कौशेय वस्त्र कृमीच्या कोशापासून होतें, हें अमरकोशांतहि सांगितलें आहे. तेव्हां आपल्या पूर्वजांना या वस्त्राचें मूळ ठाऊक नव्हतें, असें म्हणण्यास जागा नाहीं.

नर तांबूस, मादी पिवळसर वा राखट आणि अंगानें जड. पंख पसरले म्हणजे जवळजवळ वीतभर भरतात. ज्यांस आपण डोळे म्हणतों, ते पंखावरील पारदर्शक ठिपके होत. त्यांतून भिंतीचा चुनाहि दिसतो. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात आणि मादीचा गंध तो अंधारांत दुरून त्यांनींच टिपतो. मादी सुमारें १५० ते २०० अंडीं घालते व ८-१० दिवसांत अळ्या बाहेर येतात. ऐन, अर्जुन, बोर हीं त्यांचीं झाडें. तळोद्याच्या उत्तरेस डोंगराचें रान आणि शेतांच्या बांधांवर बोरी. म्हणजे अन्नाची वाण नाहीं. अळी चार वेळां कात टाकते, आणि सव्वा महिन्यांत ती बोटाहून जाड, हिरवीगार, अंगावर रुपेरी ठिपके मिरविणारी अशी होते.

मग ती कोशेटा विणते, आणि तें काम पाहण्यासारखें खरें! आधीं डहाळीभोंवतीं रेशमाचें कडें, कड्यास देंठ, आणि देंठास लोंबणारा लहानशा अंड्याएवढा करडा, टणक कोश. दुरून फळच वाटावें. पानें झडलीं तरी कोश लोंबतच राहतो. याची चिवटी एवढी, कीं मराठे लोक कोश मळसूत्राप्रमाणें कापून त्याच्या वादीनें बंदुकीची नळी दस्त्यास आवळीत, असें कर्नल साइक्स यांनीं १८३४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निबंधांत नमूद केलें आहे. आंतील जीव हिवाळा-उन्हाळा निजून काढतो. पाऊस लागला, कीं एके सायंकाळीं तो तोंडांतून द्रव सोडून धाग्यांवरील डिंक मऊ करतो, धागे बाजूस सारतो आणि बाहेर येतो. पुढें आयुष्य फार तर आठ-दहा रात्रींचें, तेंहि निराहार. त्यांतली एखादी रात्र आमच्या दिव्याशीं झटापट करण्यांत जाते, म्हणून आतां पावसाळ्यांत जेवणें आटोपलीं कीं आम्ही ओसरी अंधारी ठेवतों.

पतंग बाहेर पडलेल्या कोशाचा अखंड धागा उकलत नाहीं, आणि खरी अडचण येथेंच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या बाजूस ढीवर लोक ऐनाच्या झाडांवर या अळ्या राखतात. कोश गोळा झाले म्हणजे ते उन्हानें वा वाफेनें तापवून आंतील जीव मारावा लागतो, आणि मग धागा निघतो. त्या लोकांस दोष देण्याचें कारण नाहीं. तो त्यांचा पोटाचा धंदा आहे, गिऱ्हाईक आपण.

हें सारें आम्ही मुलांना सांगत होतों, तेव्हां थोरल्या वहिनी माजघरांतून ऐकत होत्या. वय ऐंशीच्या घरांत, स्वयंपाक अजून सोंवळ्यांत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे मुंगी चिरडली तर आपण हळहळतों, आणि देवापुढें उभें राहायचें तें हें नेसून?"

शास्त्रानें कौशेय पवित्र मानिलें आहे, हें उत्तर आमच्या ओठांवर होतें. परंतु त्यांचा प्रश्न शास्त्राविषयीं नव्हता. आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं धुऊन शिवाशिवीवांचून वाळविलेलें सुती वस्त्रहि सोंवळ्यास चालतें, आणि फुटक्या कोशांचें सूत काततां येतें. कापड मात्र जाडेंभरडें होतें.

वहिनींनीं आपला मुकटा टाकला नाहीं. तो त्यांच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आईचा. पण नातवाच्या मुंजीची यादी त्यांच्यापुढें आली, तेव्हां त्यांनीं चष्मा लावून 'नवा मुकटा' ही ओळ खोडली आणि तेथें 'सुती, दोन' असें लिहिलें.