वाट काठाची, बेत वाऱ्याचा

सुपीरियरला सरोवर म्हणायचं ते पाणी गोडं म्हणून. एरवी ८२,१०० चौरस किलोमीटरचा हा पसारा, महाराष्ट्राच्या चौथाईहून मोठा, समुद्रासारखाच वागतो. कॅनडात, ऑन्टारिओतल्या पुकास्कवा राष्ट्रीय उद्यानात त्याच्या एकाच काठाने चालणारेही जातात आणि वल्हवणारेही.

नकाशावर हे सोपं दिसतं. हॅटी कोव्हपासून नॉर्थ स्वॅलो नदीपर्यंत ६० किलोमीटरची पायवाट आणि तिच्या शेजारून कयाक-कनूचा जलमार्ग. पण दोघांचा दिवस सारखा नसतो. पाठीवर ओझं घेऊन निसरड्या गोट्यांवरून दहा किलोमीटर गेलं की चालणाऱ्याचा दिवस संपतो. शांत पाण्यात कयाकवाला तेवढंच अंतर दोन-अडीच तासांत तोडतो आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की तंबूत बसून राहतो.

हा किनारा सरोवराच्या ईशान्य अंगाला आहे. पश्चिमेचा वारा शेकडो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून लाटा हाकत आणतो. म्हणून वल्हवणारे वारा उठण्याआधी, पहाटेच निघतात. त्यात पाणी उन्हाळ्यातही थंडगार. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा हिशेब इथे पाठच असावा लागतो: गार पाण्यात पडल्यावर श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात ती दहा मिनिटं आणि शुद्ध हरपायला साधारण तास. जलमार्ग आखणाऱ्याने किलोमीटर नंतर मोजावेत. होडी काठाला लावता येईल अशी पुढची जागा किती लांब, हे आधी पाहावं.

माझ्या मते खरी कसोटी मुक्कामाच्या जागांची. उंच कड्यावरचा तंबू चालणाऱ्याला मोहात पाडतो, वल्हवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. प्लेटर हार्बर, फिश हार्बर अशा आडोशाच्या जागी पायवाट पाण्यापर्यंत उतरते, तिथे दोघांचंही भागतं. पाय मुरगळलेल्याला तिथून बोटीत घेता येतं. नद्यांचं मात्र उलटं. व्हाइट नदीवर चालणाऱ्यासाठी २३ मीटर उंचीचा झुलता पूल आहे. वल्हवणाऱ्याला नदीच्या मुखाशी, प्रवाह आणि लाटा जिथे भिडतात तिथे, जपूनच जावं लागतं.

पायवाटेच्या दुसऱ्या टोकाला रस्ताच नाही. आल्या वाटेने परत चालायचं, नाहीतर बोट ठरवायची. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ला चढणाऱ्यांना परतीच्या बोटीची घाई ठाऊक असते. पुकास्कवात ती बोटही वाऱ्याच्या मर्जीवर येते. तेव्हा टोरंटोकडच्या मराठी ट्रेकर मंडळींनो, जाणार असाल तर बोट आधी पक्की करा, दोन दिवसांचा शिधा जास्त घ्या आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मीटिंग ठेवू नका.